तिगोंडा

डिचोलीहून मुळगावच्या रस्त्याला लागले की उजव्या हाताला उतारावर एक कॉलनी आहे. गोवा घटकराज्य झाले त्या वर्षी तिथे शांताराम गवसने घर बांधले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे चार हात अंगण आणि भोवती तारेच्या जाळीचे कुंपण. शांताराम दोडामार्गच्या बाजूचा. खाणीवर ट्रक चालवायचा. कॉलनीत बाकी घरे बावीस, त्यांत कापड दुकानदार, कचेरीतले कारकून, पोस्टातले, शाळेतले. बहुतेकांची मुळे डिचोलीत नाहीतर पेडण्यात, पिढ्यान्‌पिढ्यांची.

शांतारामची बायको आनंदी. ही माणसे वाईट आहेत असे तिला कधी वाटले नाही. नागपंचमीला शेजारून हळदीच्या पानांतल्या गोड पातोळ्या आल्या. ताट परत करताना तिने त्यात खांटोळी, गुळाच्या गोड वड्या, घालून दिली, ती लोकांनी खाल्ली. पण बोलताना तिचे नाव कोणी घेत नसे. ती ‘ट्रकवाल्याची बायल’ होती. नळावर ती काही बोलली की कोणीतरी शब्द सुधारून द्यायचे. ती ‘माटवी’ म्हणाली की तीन बायका एकदम म्हणायच्या, ‘माटोळी’.

माटवी म्हणा की माटोळी, वस्तू एकच. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, परसातली फळे, फुले, शेंगा बांधायच्या. शांतारामच्या घरचा मूळ गणपती थोरल्या भावाकडे होता, पण नवे घर उभे राहिले तसे भावानेच सांगितले, तुझा तू आता तिकडे पूज. त्यामुळे आनंदीची ही पहिली चतुर्थी. त्यातून कॉलनीत माटोळीची स्पर्धा. परीक्षक गोकुळदास मास्तर, वय अडुसष्ट, मराठी शाळेतून निवृत्त. साध्या वस्तूला एक गुण, दुर्मिळ वस्तूला दोन. प्रत्येक वस्तूचे नाव मात्र सांगता आले पाहिजे. पहिल्या नंबराला स्टीलची कळशी. गेली चार वर्षे ही कळशी विनोदिनीकडे जात होती. विनोदिनी म्हणजे सगुणची बायको. सगुणचे बाजारात कापडाचे दुकान. आनंदीच्या घरासमोरच त्यांचे घर.

पावसात खाणीचे ट्रक बंद असतात. शांताराम घरीच होता. दोघे नवरा-बायको दोन दिवस गावच्या रानात हिंडली आणि कवंडळे, कांगणी, शेरवड, आंबाडे असे पोतेभर घेऊन आली. चौकटीच्या मधोमध टांगायला आनंदीला एक तोरिंगे, म्हणजे पपनस, हवे होते. विनोदिनीच्या परसात तोरिंग्याचे झाड. एक राखून ठेवायचे तिने आठ दिवसांपूर्वी आपण होऊन कबूल केले होते, “एक तुका दवरतां.”

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आनंदी ते आणायला गेली, तर विनोदिनीने कपाळाला हात लावला.

“काल वाऱ्यान पडलें गो तें. फुटलें.”

आनंदी परत आली. शांतारामने चौकट टांगून पाहिली. ती एका बाजूला कलंडत होती. त्या कोपऱ्यात वजन हवे होते. आनंदी परसात गेली, वेलांत हात घालून शोधू लागली, आणि कुंपणाशी तिला एक तवशे, मोठी काकडी, सापडले. लहान असताना ते जाळीच्या भोकात शिरले असावे, मग तिथेच अडकून वाढले. दोन ठिकाणी तारेने आवळलेले, त्यामुळे तीन गाठोडी एकाखाली एक ठेवल्यासारखी दिसत होती. पानांखाली विसरून राहिल्याने जून झालेले, तपकिरी, सालीवर बारीक भेगांचे जाळे. शांतारामने पक्कडीने तार कापून ते काढले. कोपऱ्यात बांधल्यावर चौकट सरळ झाली. आनंदीच्या मनात त्यापलीकडे काहीच नव्हते.

चतुर्थीला दुपारी ती विनोदिनीच्या गणपतीच्या पाया पडायला गेली. हात जोडून तिने मान वर केली. माटोळीच्या मधोमध पिवळीधमक दोन तोरिंगी लोंबत होती.

आनंदीने प्रसाद घेतला, घरी आली आणि शांतारामला म्हणाली, “वाऱ्यान पडलेला तोरिंगा परत झाडार चडला आणि थंयसून माटवेर इला.”

संध्याकाळी विनोदिनी आली. रीतीप्रमाणे आधी गणपतीला नमस्कार केला, मग मान वर करून एकेक वस्तू बघू लागली. बघता बघता कोपऱ्याशी तिचे बोट थांबले.

“हें कितें गो?”

तवशे, असे आनंदीच्या ओठांवर आलेच होते. तेवढ्यात तिला ती दोन तोरिंगी आठवली.

“तिगोंडा,” ती म्हणाली.

“कितें?”

“तिगोंडा. आमच्याकडे माटवेक तो लागताच. तुमच्याकडे नसता?”

घरात चार कळश्या असलेल्या बाईला ‘नसतो’ म्हणणे सोपे नव्हते.

“असता गो, ना कशें?” ती म्हणाली. “आमच्या कुळारा हाडटाले पयलीं. आतां मेळना.”

तिचे कुळार, म्हणजे माहेर, पेडण्यातले; तिथे म्हणे पूर्वी आणायचे. आनंदीने मान डोलावली आणि तिच्या हातावर पंचखाद्य ठेवले. विनोदिनी गेल्यावर शांताराम मागच्या दारातून आत आला. हसू दाबून त्याचा चेहरा लाल झाला होता.

“फाल्यां मास्तर विचारतलो,” तो म्हणाला. “तेका काय सांगशीत?”

“तेका तवशा म्हणान सांगान. एक गुण गेलो तर गेलो.”

दुसऱ्या दिवशी मास्तर परीक्षणाला निघाले. त्यांच्यामागून प्रत्येक घरातून दोघे-तिघे जोडत जायचे, त्यामुळे आनंदीच्या घरी पोचेतो पंचवीस माणसे झाली होती. विनोदिनी सगळ्यांत पुढे. मास्तर चष्म्यातून वर बघत बोट दाखवायचे आणि आनंदी नाव सांगायची. कवंडळ. कांगणी. शेरवड. बोट कोपऱ्याशी आले. आनंदीने विनोदिनीकडे पाहिले, विनोदिनीने आनंदीकडे. तवशे म्हणावे तर कालची गोष्ट विनोदिनी सगळ्यांसमोर काढणार, हे तिला दिसले.

“तिगोंडा,” आनंदी हळूच म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. चाळीस वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाला पंचवीस जणांसमोर ‘हे काय असते?’ असे विचारणे जड जाते. ते विनोदिनीकडे वळले.

“विनोदिनी, तू ओळखतेस हे?”

आता विनोदिनीची पंचाईत झाली. ओळखते म्हणावे तर आनंदीला दोन गुण, नाही म्हणावे तर कालचे कुळार खोटे. ती थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली.

“कुळारा हाडटाले,” ती शेवटी म्हणाली.

“तेच म्हणतो मी,” मास्तर म्हणाले. “त्रिगुंड. संस्कृतात त्रिगुंड, त्याचे बोलीत झाले तिगोंडा. जुन्या लोकांना ठाऊक असायचे. सांधेदुखीवर देतात.”

दोन गुण पडले. रात्रीच्या आरतीच्या आधी निकाल सांगितला. आनंदी गवस एकसष्ट, विनोदिनी साठ.

कळशी घरी आली, पण आनंदीला तिच्यात पाणी भरवेना. गणपतीसमोर खोटे बोलले गेले, हे तिला सलत होते. शांताराम म्हणाला, “खोटा तू एकच बोललंस. बाकीचा सगळा तेंनीच भरल्यानी.” त्याने तिचे समाधान झाले नाही. तिने गणपतीपुढे पाच वेळा नाक घासले आणि पुढच्या वर्षी माटवीवर खऱ्या नावाशिवाय काही चढवायचे नाही असे ठरवले.

पाचव्या दिवशी विसर्जन झाले. माटवी उतरवत असताना मास्तर काठी टेकत अंगणात आले.

“तिगोंडा टाकू नकोस,” ते म्हणाले. “माझ्या गुडघ्यांसाठी दे.”

“मास्तर, तो कडू आसता.”

“औषध गोड असते असे कोणी सांगितले तुला?”

आनंदीने त्यांना दुसरे काही द्यायचा प्रयत्न केला. केळी देते म्हणाली, आंबाडे देते म्हणाली. मास्तर हलेनात. शेवटी ते तिगोंडा पिशवीत घालून घेऊन गेले. तीन दिवस त्यांनी त्याचा काढा घेतला. त्याच सुमारास पाऊस उघडला आणि आठ दिवस कडक ऊन पडले. दहाव्या दिवशी मास्तर काठी न घेता कॉलनीचा चढ चढून केस कापायला बाजारात गेले, आणि केस कापणाऱ्यालाच नव्हे, तर त्याच्याकडे बसलेल्या सहा जणांनाही त्यांनी कारण सांगितले.

मग आनंदीच्या दारात माणसे येऊ लागली. पोस्टातले कृष्णनाथ आपल्या आईच्या कंबरेसाठी आले. त्यांची बायको सुमंगला बी मागायला आली. आनंदी सगळ्यांना एकच सांगायची, तो रानात मिळतो, परसात लागत नाही, यंदाचा संपला. लोक सुस्कारा टाकायचे आणि बसायचे. बसल्यावर दुसऱ्या गोष्टी निघायच्या. पोर सारखे शिंकते, काय देऊ? शेवग्याला फुले येतात, शेंगा का धरत नाहीत? जे येत होते ते आनंदी सांगायची, जे येत नव्हते ते येत नाही म्हणायची. तिगोंडा सोडला तर ती कशातही खोटे बोलली नाही. दिवाळीपर्यंत नळावर तिला आनंदी म्हणू लागले होते, आणि सुमंगला एकदा बोलता बोलता ‘माटवी’ म्हणून गेली.

विनोदिनी मात्र कधी मागायला आली नाही. जिच्या माहेरी तिगोंडा होता, ती मागणार कशी?

पुढची चतुर्थी आली. आनंदीने ठरवल्याप्रमाणे माटवी बांधली. साठ वस्तू, साठ खरी नावे. कुंपणाकडे तर ती फिरकलीही नाही. आता हे प्रकरण आपोआप विसरले जाईल असे तिला वाटत होते.

मास्तर परीक्षणाला निघाले. विनोदिनीच्या घरी माटोळीच्या बरोबर मधोमध, तोरिंग्यांच्याही वर, रानातल्या कसल्याशा कंदाची गाठ टांगलेली होती. तीन गड्डे एकमेकांना चिकटलेले, वरून केसाळ.

“तिगोंडा,” विनोदिनी म्हणाली. गर्दीत कुजबुज झाली. मास्तरांनी समाधानाने दोन गुण दिले.

तिथून शेजारच्या कृष्णनाथांच्या घरी गेले, तर तिथेही एक तिगोंडा. सुमंगलेचे माहेर मांद्र्याचे. तिने तिथून, समुद्राच्या काठावरून, केवड्याचे जून फळ आणले होते आणि त्याला तीन गाठी दिसाव्यात म्हणून काथ्याच्या दोरीने दोन जागी आवळले होते. तेही इतके घट्ट की दोरी मांसात रुतलेल्या अंगठीसारखी दिसत होती.

“हो कसलो तिगोंडो?” विनोदिनी म्हणाली. “हो केवडो.”

“तुजो कसलो तो?” सुमंगला म्हणाली. “तो सुरण.”

दोन्ही घरची माणसे बोलू लागली. मास्तर कृष्णनाथांच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या सोप्यात, दगडी बाकावर बसले आणि म्हणाले, “आनंदीला बोलवा. गेल्या वर्षीचा तिचा होता. तीच सांगेल खरा कोणता.”

आनंदी चुलीवर करंज्यांसारख्या नेवऱ्या तळत होती. झारा तसाच शांतारामच्या हातात देऊन ती आली. सगळी कॉलनी बाल्कांवात आणि अंगणात उभी होती. समोर पाटावर दोन तिगोंडे ठेवले होते. तिने दोन्हींकडे पाहिले. एकाला खरा म्हटले तर दुसरी कायमची दुखावणार. आणि पुन्हा खोटे, तेही चतुर्थीच्या दिवसांत.

“मास्तर,” ती म्हणाली, “खरो खंयचोच नाय. गेल्या वर्सा माझ्याकडे होता ता तवशा. कुंपणाच्या जाळयेत अडाकलेला. तिगोंडा ह्या नाव मी आपल्या मनान सांगलंय. चूक झाली.”

आनंदीला वाटले, आता कळशी परत मागतील, आता नळावर पुन्हा ट्रकवाल्याची बायल. तिच्या मनाची तयारी होती. उलट छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे झाले होते.

मास्तरांनी तिच्याकडे शांतपणे पाहिले.

“आनंदी, आज मी एकोणसत्तर वर्षांचा आहे,” ते म्हणाले. “श्रावण लागला की रोज तवशे खातो. तवशाने गुडघे बरे होत असते, तर माझे गुडघे लोखंडाचे झाले असते. ते तवशे नव्हते.”

“मास्तर, माझ्याच परसातला होता.”

“तुझ्या परसात असेल. तुला ओळखता आले नाही. तुला ते तवशे वाटले, हा तुझा विनय आहे.”

“आनी आमच्या कुळारा हाडटाले तें?” विनोदिनी म्हणाली. “तींय तवशीं?”

सगुण पुढे आला. “मी स्कूटर घेऊन दोडामार्गच्या बाजारात गेलो. तिथल्या म्हातारीने मला तिगोंडा म्हणूनच दिला.”

“तिना आपणहून नाव सांगल्यान, काय तुमी इचारलात?” आनंदीने विचारले.

“मी विचारले, तिगोंडा आहे का. ती म्हणाली, आहे.”

सगळ्यांनी आनंदीकडे असे पाहिले की आता काय राहिले?

सुमंगला कृष्णनाथांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “तिका जागो सांगपाचो ना. सगळीं रानांत वचून काडटलीं म्हूण.”

हे मात्र सगळ्यांना पटले. दोन-तीन बायकांनी समजूतदारपणे मान हलवली. आपणही जागा सांगितली नसती, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. आनंदी आणखी काही बोलणार होती, पण मास्तर उठून उभे राहिले.

“तिगोंड्याच्या दोन जाती,” ते म्हणाले. “रानटी आणि दर्याकाठची. दोन्ही मान्य. दोघींना दोन-दोन गुण.” मग जाता जाता थांबून म्हणाले, “आनंदी, तुझी माटोळी यंदाही चांगली आहे. पण तिगोंडा नाही, एवढीच उणीव राहिली.”

कळशी विनोदिनीला मिळाली. आनंदी घरी आली, तर शांताराम नेवऱ्या जाळून बसला होता आणि बाल्कांवातले सगळे त्याला खिडकीतून ऐकू आले होते. तो हसत हसत खाली बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी विनोदिनी मागच्या दाराने आली. मागच्या दाराने ती कधी येत नसे. आनंदी भांडी घासत होती. विनोदिनी पायरीवर बसली आणि कुंपणावरचे वेल बघू लागली.

“सगळ्यांमुखार तुवें कित्याक सांगलें?” ती म्हणाली. “मास्तर मानला असता जाल्यार? म्हजें कितें जातलें आशिल्लें?”

आनंदीच्या हातातले भांडे थांबले. हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. आपले खोटे उघडे करताना आपण हिचेही उघडे करत होतो. चाळीस माणसांसमोर, हिच्याच नवऱ्यासमोर.

“वयनी, माझ्या मनात नाय इला,” ती म्हणाली. “माका वाटला, फक्त माझाच खोटा.”

“म्हाका तवशें कळना?” विनोदिनी म्हणाली. “घरा गेल्या उपरांत कळ्ळें. देंठाचेर तवशाचें पान आशिल्लें.”

“मग कुळारा हाडटाले ता?”

“हाडटाले,” विनोदिनी ठामपणे म्हणाली. मग आवाज थोडा खाली आला. “तसलेंच कितेंय.”

आनंदीला हसू आले. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, पण विनोदिनीच्याही ओठांच्या कडा हलल्या, आणि मग दोघी भांड्यांच्या ढिगाशेजारी बसून इतक्या हसल्या की शांताराम काय झाले म्हणून बाहेर आला. त्याला बघून विनोदिनी पदर सावरून उठली आणि पुढच्या दाराने निघून गेली.

त्यानंतर आनंदीने तिगोंडा खोटा असे कोणाला सांगितले नाही. सांगून उपयोगही नव्हता. मास्तरांनी पुढच्या स्पर्धेसाठी वस्तूंची यादी काढली, त्यात तिगोंडा सत्ताविसावा होता. म्हणजे ज्याच्याकडे नसेल त्याचे दोन गुण सरळ जाणार.

तेव्हा तिसऱ्या वर्षी, चतुर्थीला तीन दिवस असताना, आनंदी आणि विनोदिनी सकाळच्या बसने दोडामार्गला गेल्या. बाजार माणसांनी भरला होता. भर रस्त्यावर माटवीचे सामान मांडलेले, चिखलात केळीची पाने. विनोदिनीला सगुणने सांगितलेली जागा ठाऊक होती. पिंपळाखाली एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढे गोणपाटावर कवंडळांचे ढीग होते आणि एका बाजूला, वेगळ्या सुपात, सात-आठ तिगोंडे ठेवले होते.

“तिगोंडा व्हयो?” म्हातारीने विचारले. “डिचोलीचे लोक नेतत. आज सकाळीच चार गेले.”

आनंदी सुपासमोर उकिडवी बसली. विनोदिनी तिच्याशेजारी बसून एकेक उचलून बघू लागली. “हो घेवं नाका, हाचो मदलो गड्डो ल्हान. देंठ घट जाय. आनी केस आशिल्लोच घे, केस नासलो जाल्यार तो जुनो.” ती इतक्या गंभीरपणे सांगत होती की आनंदीही गंभीरपणे ऐकत राहिली. शेवटी तिने एक निवडला.

“कितक्याक?”

“सात रुपये.”

“चार.”

“गो बाय, तू खंयची?”

“हयचीच. पलीकडच्या वाडीतली.”

“मगे तुका ठावक आसाक व्हया,” म्हातारी म्हणाली. “ह्यो मेळणा काय सोपा आसा? रानात भितर वचाक लागता.”

आनंदी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हातारीची पापणीही हलली नाही. आनंदीने कनवटीचे सहा रुपये काढून दिले आणि तिगोंडा पदरात घेतला.

बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. पाऊस आत येत होता म्हणून विनोदिनीने खिडकीची काच खाली ओढली आणि आपली छत्री आनंदीच्या मांडीवरच्या पिशवीवर आडवी धरली. तो तिगोंडा पाचालाच मिळाला असता, म्हातारीने तुला गावची म्हणून फसवले, असे ती डिचोलीच्या स्टँडवर उतरेपर्यंत सांगत होती.